जिनपाल अण्णांची उभी न राहणारी गाडी

जिनपाल अण्णांची गाडी धावायची झकास. उभी राहिली की मात्र तिला हुडहुडी भरायची.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. अण्णांचं सांगलीच्या पेठेत हळदीचं दुकान. त्यांनी एका मळेवाल्या गोऱ्या साहेबाची जुनी पिकअप घेतली होती. ती पुढून मोटारीसारखी आणि मागून बैलगाडीसारखी दिसायची, त्यामुळे पेठेत तिला मान नेमका किती द्यायचा हे कुणाला ठरवता येत नसे. ड्रायव्हर सयाजी. पोरगा फौजेत मोटार चालवून नुकताच परतलेला. इजिप्तपर्यंत जाऊन आल्यामुळे तो चहाला 'चाय' म्हणे आणि वाळू सोडून कशालाच घाबरत नसे.

गाडी पावसाळाभर शहाण्यासारखी वागली. दसऱ्याला तिला हार घातला, नारळ फोडला, आणि तिथून पुढं ती बिघडली. वेगात असली की काही नाही. पण ब्रेक लावून उभी केली की इंजिन फुरफुरायचं, मडगार्ड थडथडायचं, हौद्यातली हळदीची पोती एकमेकांना धक्के द्यायची, आणि शेवटी एक उचकी देऊन सगळं थंड. सेल्फ-स्टार्टर साहेबाच्या वेळीच वारला होता. मग सयाजीनं हँडल मारायचं आणि हमालांनी ढकलायचं.

सयाजीनं प्लग काढून घासले. पेट्रोल धोतराच्या फडक्यातून गाळलं. कार्बुरेटर खोलला, फुंकला, बसवला. गाडीनं त्याची दखल घेतली नाही. साताऱ्याहून एक नामांकित फिटर आला. त्यानं स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, वैद्यानं नाडी बघावी तसे डोळे मिटले आणि म्हणाला, "इंजान उतरावं लागंल."

"आन् पुन्हा चढंल का?" अण्णांनी विचारलं.

"ते उतरल्यावर कळंल."

अण्णांच्या आई, आक्काताई, ओट्यावरून हे सगळं बघत होत्या. त्या म्हणाल्या, "अरं, तिच्या पोटात वारा धरलाय. माज्या माहेरची म्हस अशीच थरथरायची. ओव्याचा धूर द्या." फिटर हसला. सयाजीही हसला. ओव्याचा धूर तरीही दिला गेला, कारण फिटरपेक्षा आक्काताई जवळ राहत होत्या.

एरवी सयाजीनं हे दुखणं उन्हाळ्यापर्यंत ओढलं असतं. पण त्याच सुमारास त्याला इस्लामपूरचं स्थळ आलं. मुलगी विजयमाला. सयाजीनं तिला यमाईच्या जत्रेत, औंधला, एकदा ओझरतं पाहिलं होतं. तेव्हापासून गाडी चालवताना तो विनाकारण हॉर्न वाजवायचा. मुलीचे वडील केरबा, पेन्शनीत आलेले हवालदार. त्यांच्या अंगणातली तुळससुद्धा सावधानमध्ये उभी असे. त्यांनी निरोप धाडला होता, 'पोरगं मोटारीवर हाय म्हंत्यात. मोटार घेऊन या. नुस्ती पळणारी लय बगितली, उभी कशी ऱ्हाती ते बगायचंय.'

सयाजी धावत दुकानात आला. "अण्णा, हवालदाराच्या दारात बंद पडली तर मला धाकट्या पोरीबी दावणार न्हाईत."

"हाय एकच पोरगी त्यास्नी," अण्णा म्हणाले.

"तेच म्हंतोय मी."

सयाजीचे वडील नव्हते. वडीलधारे म्हणून अण्णा आणि सयाजीचे मामा निघाले. कार्तिकातला दिवस, पण आभाळ अवचित भरून आलं होतं. अण्णांनी माळ्यावरची ट्रंक काढली, तीतून छत्री घेतली, आणखी काहीबाही घेतलं, गाडीपाशी थोडा वेळ खुडबूड केली आणि "चल" म्हणाले.

नवल असं की त्या दिवशी गाडी उभी राहिली. नाक्यावर राहिली. आष्ट्यात म्हशींचा कळप आडवा आला, तो जाईपर्यंत राहिली. सयाजी यमाईचं नाव घेत होता. इस्लामपुरात शिरताना पावसाची एक सर आली, वायपरनं काच लखलखीत पुसून दिली, आणि केरबा हवालदारांच्या दारात गाडी मांजरीसारखी घुरघुरत राहिली.

हवालदारांनी मागं हात बांधून तिला एक फेरी घातली. बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला. पाणी हललं नाही.

"डिसिप्लीन हाय," ते म्हणाले. "चालू ठेवा. च्या हुईस्तोवर बगू."

मंडळी सोप्यात बसली. विजयमाला पोह्यांच्या बशा घेऊन आली आणि खिडकीपाशी पाटावर बसली. बाहेर ऊन पडलं. अण्णांनी उन्हाकडं बघितलं, चुळबुळ केली आणि "आलोच" म्हणून बाहेर गेले.

"नाव काय तुजं?" सयाजीच्या मामांनी विचारलं.

तिनं नाव सांगायला आणि बाहेर गाडीला हुडहुडी भरायला एकच गाठ पडली. मडगार्ड थडथडलं. बॉनेटवरचा पेला नाचत नाचत कडेला आला आणि अंगणात पडला. मग ती ओळखीची उचकी, आणि शांतता.

हवालदारांनी बशी खाली ठेवली. सयाजीनं मान खाली घातली.

"शिवण-टिपण येतं का?" मामांनी नेटानं विचारलं.

विजयमाला सयाजीकडं बघत म्हणाली, "गाडी बिगडली न्हाई. त्या अण्णांनी तिची नळी उपसली."

सगळे बाहेर धावले. अण्णा बॉनेटची एक बाजू उघडून उभे होते. त्यांच्या हातात वायपर, त्याचं यंत्र आणि रबराची लांब नळी होती, आणि ते सगळं वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

"अण्णा, ह्ये काय करताय?"

"पाऊस गेला न्हवं? ठिवून देतोय." अण्णा शांतपणे म्हणाले. "दरसाल दसरा झाला की छत्री, घोंगडं, इरली ट्रंकंत जात्यात. ह्येबी पावसाळ्याचंच की. उगं उन्हात रबर झिजायचं."

सयाजीनं इंजिनात डोकं घातलं. पार मागं, काळ्या वंगणात लपलेलं पितळेचं एक टोक उघडं पडलं होतं. इंजिन नळीतून हवा आत ओढायचं, त्या ओढीवर वायपर चालायचा. नळी काढली की त्या भोकातून इंजिन फुकटचा वारा पीत बसायचं; वेगात तो पचायचा, उभं राहिलं की बाधायचा. वायपर गेलाय हे सयाजीला दसऱ्यापासून दिसत होतं. पण इजिप्तमध्ये पाऊसच नसल्यामुळे वायपर चालतो कशावर, हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता. त्यानं नळी बसवली, हँडल मारलं. गाडी घुरघुरू लागली.

हवालदारांनी नवा पेला ठेवला. पाणी हललं नाही. ते बराच वेळ पेल्याकडं बघत राहिले, मग सयाजीकडं, मग खिडकीकडं.

"गाडी हाकाय ह्यो बरा हाय," ते म्हणाले. "पर ध्यान ठिवाय कुणीतरी शेजारी पायजे."

लग्न वैशाखात झालं. वरात ह्याच पिकअपमधून निघाली. आभाळात ढगाचा ठिपकाही नव्हता. सयाजी गाडी हाकत होता, शेजारी विजयमाला होती, आणि समोर वायपर तापलेली कोरडी काच इमानेइतबारे पुसत होता. वऱ्हाडी मंडळी वर आभाळाकडं बघत होती. गाडी चौकाचौकात थांबत होती, आणि थांबली की उभी राहत होती.

मागं हौद्यात अण्णा भर उन्हात बोडक्यानं बसले होते. हवालदार म्हणाले, "अण्णा, उनाची छत्री तर आणायची व्हती."

"छत्री पावसाळ्याची," वायपरवरची नजर न काढता अण्णा म्हणाले. "एक झिजतंय, तेवढं पुरं हाय."