मूळचा भक्कम, मधे जरा बसलेला

मामांच्या दुकानात पुढे जुनं फर्निचर विकलं जायचं आणि मागच्या कोपऱ्यात, खिडकीजवळच्या टेबलावर, मामी लग्नं जुळवत. खरं तर अलीकडे काही जुळत नव्हतं. मामी नुसत्या वाट बघत बसत. म्हणून मामांनी निर्वाणीचं सांगून टाकलं होतं.

"या हंगामात एक तरी लग्न जमव, नाहीतर तो कोपरा मला सोड. माझी कपाटं उन्हात पडलीयत."

"जमवते! माणसं आहेत ती, कपाटं नाहीत. वेळ लागतो," मामी म्हणाल्या खऱ्या, पण त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही. तो कोपरा म्हणजे त्यांचा जीव होता.

दोघांच्या लिहिण्याची तऱ्हाही निराळी. मामा वस्तूचे दोष आधी लिहीत, कारण खोटं लिहिलं की गिऱ्हाईक माल परत आणतं आणि येताना चार माणसं गोळा करतं. मामींच्या यादीतला प्रत्येक मुलगा मात्र मनमिळाऊ, निर्व्यसनी आणि सुस्वभावी. त्यांच्याकडे भांडखोर माणूस औषधालाही सापडला नसता.

दोन्ही याद्या एकाच कॉम्प्युटरवर, आणि दोन्हींची मिळून वेबसाइट एकच. ती इतकी हळू उघडायची की तोवर गिऱ्हाइकाचा विचार बदलायचा. शेवटी जावयाने मनावर घेतलं.

"मामा, सध्या कोणी पान उघडलं की कॉम्प्युटर डेटाबेसमध्ये शोधाशोध करत बसतो. आपण सगळी पानं आधीच तयार करून ठेवू. छापून ठेवल्यासारखी. मग कशी झटकन उघडतात बघा!"

"आणि काही बदलायचं झालं तर?"

"डेटाबेसमध्ये बदला. मी बटण दाबलं की नवी पानं तयार."

सकाळी त्याने बटण दाबलं आणि कामासाठी परगावी गाडी हाकली. पानं खरोखरच झटकन उघडत होती. चूक एवढीच की मामांच्या यादीत चौदा नंबरला सोफा होता आणि मामींच्या यादीत चौदा नंबरला दातांचे डॉक्टर. जावयाने फोटो आणि मजकूर नुसत्या नंबरावरून जुळवले. नंबर कोणाच्या यादीतला, हे काही त्याने बघितलं नाही.

पहिला फोन मामांनी उचलला. पलीकडे एक बाई होत्या.

"वेबसाइटवर चौदा नंबर बघितला. मला पसंत आहे."

"वा! चांगली निवड आहे, बाई."

"कुरकुरतो म्हणून लिहिलंय. फार का?"

"सुरुवातीला. अंगवळणी पडलं की ऐकूसुद्धा येत नाही."

"आणि आधी दोन घरं झालीयत?"

"झाली ना. लपवायचं कशाला? दोन्हीकडे नीट राहिला, पण त्यांना जागा पुरेना."

बाईंनी दुकानाचा पत्ता लिहून घेतला. मग म्हणाल्या, "इतकं खरं बोलणारं कोणी भेटलं नव्हतं हो. दुपारी येते बघायला."

"या की. फक्त येताना दोन माणसं आणा. एकटीला उचलायचा नाही."

फोन ठेवून मामा हात चोळत म्हणाले, "अगं, सोफा गेला बघ!"

दुसरा फोन मामींनी घेतला. दातांचे डॉक्टर होते आणि कवळी वाजावी तसे कडकडत होते.

"मामी, मी मधे बसलेला आहे? माझा एक पाय हलतो? सकाळपासून पेशंट तोंड उघडण्याऐवजी हसतायत!"

मामींनी पान उघडलं. डॉक्टरांच्या हसऱ्या फोटोखाली लिहिलं होतं: 'मूळचा भक्कम, मधे जरा बसलेला. एक पाय हलतो. कुरकुरतो, पण पाहुण्यांसमोर बरा दिसतो. आधी दोन घरं झाली आहेत.' आणि सोफ्याच्या फोटोखाली: 'मनमिळाऊ, निर्व्यसनी. अपेक्षा: समजूतदार जोडीदार.'

"अहो!" मामी किंचाळल्या.

मामांनी चष्मा चढवून वाचलं. "यात खोटं काय आहे? मीच लिहिलंय." मग त्यांनी फोटो बघितला. "हां," ते म्हणाले.

मामींनी डेटाबेस उघडून मजकूर दुरुस्त केला. पान तसंच. पुन्हा केला. पान ढिम्म हलेना. जावई गाडी चालवत होता, फोन उचलत नव्हता. शेवटी मामींचा तोल सुटला आणि त्यांनी प्रत्येक मुलाच्या नावापुढे ठोकून दिलं, 'हा माणूस आहे, सामान नाही. बघणाऱ्यांनी डोळे उघडे ठेवून बघावं.' पानं मात्र सकाळी होती तशीच राहिली, आणि मामी कपाळाला हात लावून बसल्या. कोपरा गेला, आता अब्रूही चालली, असं त्यांना वाटत होतं.

दुपारी बाई आल्या. त्या लोकांना गाडी चालवायला शिकवत. मामांनी आदबीने सोफा दाखवला.

"हा नाही हो. तो हसरा."

मामा काही बोलणार, तोच डॉक्टर तणतणत आत शिरले. बाईंनी त्यांना निरखून बघितलं.

"तुम्हीच ना ते? मधे बसलेले?"

"मी चांगला उभा आहे!"

"आणि कुरकुरता म्हणे."

"मी? आयुष्यात कधी कुरकुरलो नाही! सकाळपासून डोकं उठलंय, चहा गार मिळाला, बाहेर गाडी लावायला धड जागा नाही, वरून हे..."

"कळलं," बाई म्हणाल्या आणि पहिल्यांदाच हसल्या. "मी दिवसभर लोकांच्या चुकांवर ब्रेक मारते, आणि घरी जाऊन स्थळांची वर्णनं वाचते. सगळे मनमिळाऊ! मग जगात भांडतं कोण? हे पहिलंच वर्णन विश्वास ठेवावा असं वाटलं."

मामींनी मनात हिशेब केला. गप्प बसलं तर लग्न जमेल, कोपरा राहील. पण समोरच्या बाईंचा चेहरा बघून त्यांच्याने राहवेना.

"बाई, खरं सांगते, ते वर्णन या सोफ्याचं आहे."

डॉक्टर सोफ्यावर बसले. सोफा कुरकुरला.

"मी ते तीनचारदा वाचलं," ते खाली बघत म्हणाले. "राग येतो तो त्याचाच. फारसं काही चुकलेलं नाही. लग्न दोनदा ठरलं, दोनदा मोडलं."

बाई त्यांच्या शेजारी बसल्या. "जागा पुरेना म्हणे?"

"माझ्या पुस्तकांना," डॉक्टर म्हणाले. मग बराच वेळ दोघं पुस्तकांबद्दल बोलली आणि मामा-मामी उगाचच कपाटं पुसत राहिले. शेवटी बाई उठल्या. "चला, तुमची गाडी नीट लावून देते. येताना बघितली, अर्धी रस्त्यावर आहे." दोघं गेली ती संध्याकाळपर्यंत गाडीच लावत होती बहुधा.

महिन्याभराने मामी पेढ्यांऐवजी या दोघांच्या लग्नाची पत्रिकाच मामांच्या पुढ्यात ठेवणार होत्या. पण त्याआधी, त्याच दिवशी संध्याकाळी, जावयाचा फोन आला.

"मामी, गोंधळ कळला. फार वाईट वाटलं. आता सगळं दुरुस्त केलंय, बटणही दाबलं. डेटाबेसमध्ये आहे तसं पानांवर आलंय."

"छान केलंत, जावईबापू," म्हणता म्हणता मामींना आपण रागाच्या भरात काय लिहिलं ते आठवलं, आणि त्यांनी घाईने पान उघडलं. तेवढ्यात दुकानाचा फोन वाजला. मामांनी उचलला.

"हो... हो, माणूसच आहे. सामान नाही. नक्की म्हणजे काय, आम्ही लेखी दिलंय! बाकीचे देतात का असं लिहून?"

फोन ठेवला, की परत वाजला. दुसऱ्या दिवशी माणसं येऊन बसायला लागली आणि मामींना आणखी दोन खुर्च्यांची जागा हवी झाली. मामांनी मुकाट्याने हमाल बोलावले आणि कोपऱ्यालगतचं आपलं कपाट हलवायला स्वतःही एका बाजूने हात लावला.

"जपून रे बाबांनो!" मामी टेबलावरून ओरडल्या. "जुना माल आहे, उगाच मोडायचा!"

हमालांनी लगेच कपाट खाली ठेवलं आणि मामांना दोन्ही बाजूंनी धरून सोफ्यावर बसवलं.