थांबा, अजून एक आहे

गजभिये सर बाजारातल्या कमानिया गेटपाशी लोकांना रस्ता पार करून देतात, आणि सगळे पलीकडे पोचले तरी हात खाली घेत नाहीत. रस्ता रिकामा असतो. दोन्हीकडे ऑटो, स्कूटर, ठेले तुंबलेले, हॉर्नचा नुसता कल्ला. सर तळहात उंचावून म्हणतात, "रुको! अभी एक और है।" मग कुणीतरी अगदी सावकाश चाललंय अशी त्यांची मान डावीकडून उजवीकडे वळत जाते. पार पलीकडच्या फुटपाथपर्यंत. मगच "चलो!"

नेपियर टाउनात आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटेच राहतात. शाळेत पी.टी. शिकवून रिटायर झाले, पण शिट्टी रिटायर झाली नाही. रोज चारला ती गळ्यात अडकवून ऑटोत बसायचं आणि गेट गाठायचं. तिथे भाजीच्या पिशव्या घेतलेल्या बायकांनाही ते ओळीत उभं करतात. "सावधान! दाहिने देख! बाएं देख! फिर दाहिने!" एकदा त्यांनी अख्खी वरात अडवली आणि घोड्यावरच्या नवरदेवाला दोनदा 'दाहिने देख' करायला लावलं. घोड्यानंही केलं म्हणतात.

पायी चालणाऱ्यांच्या त्यांच्याकडे तीन तुकड्या. भर रस्त्यात थिजणारे, भांडण झाल्यामुळे दहा फुटांवरून चालणारी नवरा-बायको, आणि फोनवाले. "ह्या फोनवाल्यांना मी काहून वाचवून राहिलो, हे मलेच समजत नाही," असं ते वैतागून म्हणतात. मी थिजणाऱ्यांत. "सुषमा, तू रस्त्याच्या मधात उभी राहून विचार करते. विचार घरी करत जाय."

पण तो 'एक और' कोण, हे विचारायची माझी हिंमत होत नव्हती. ऑटोवाले हसायचे. "मास्टरजी को दिखता है।" हसायचे खरे, पण सरांचा हात खाली येईपर्यंत एकही जण गाडी पुढे काढत नसे.

मागच्या जानेवारीतली गोष्ट. ऊन असूनही अंगाला लागत नव्हतं. सरांनी आम्हा तिघी बायकांना पलीकडे सोडलं, आणि मागे वळून हात तसाच ठेवला. अडलेल्या गाड्यांत दुधाचे कॅन बांधलेला एक मोटारसायकलवाला सगळ्यात पुढे होता. मागचा स्कूटरवाला एकसारखा हॉर्न मारत होता. मोटारसायकलवाला चिडून मागे वळला.

"दिखता नहीं क्या? अम्मा को निकल जाने दो!"

मी रस्त्याकडे पाहिलं. कुणी नव्हतं. त्याची नजर मात्र सरांच्या नजरेबरोबर, त्याच चालीनं, आमच्याकडे सरकत येत होती. माझ्या शेजारच्या दोघी बोलता बोलता जराशा बाजूला झाल्या. मीही झाले. का झाले, ते मला आजही सांगता येत नाही.

"चलो!" सर म्हणाले. मी धावत त्या माणसाला गाठलं. "भैया, कौन अम्मा?"

"अरे दीदी, वो हरी शॉल वाली। आपके बाजू से तो गई।" तो बाहेरगावचा, शहपुऱ्याहून आलेला, सरांचं नावही त्याला ठाऊक नव्हतं.

परतताना ऑटोत मी सरांना हे सांगितलं. ते म्हणाले, "हिरवी म्हणाला तो? मी तर कोणालेच सांगितलं नाही शालीचं."

घरी आल्यावर ते जिना न चढता आमच्या ओट्यावर बसले.

"पोरीची गाडी यायची होती स्टेशनवर. मी घाईत. गेटापाशी एक म्हातारी म्हणे, भैया, हाथ पकड़ लो, पार करा दो। मी म्हटलं, रुको अम्मा, अभी आया। अन् निघून गेलो. पलीकडे पोचतो तर मागून ब्रेक करकचल्याचा आवाज आला."

"सर..."

"ती थांबली नाही न. माझ्या मागं मागं निघाली. तिचं नाव काय, गाव काय, काही समजलं नाही. विचारत कोणी आलंही नाही. तेव्हापासून नेऊन राहिलो रोज."

मी विचारलं, "ती बोलते तुमच्याशी?"

"एकदाच बोलली." सर खाली जमिनीकडे बघत होते. "म्हणे, भैया, अब तुम घर जाओ, तुम्हें देर हो रही होगी।"

वर त्यांच्या खिडकीत अंधार होता. पोरगी पुण्याला गेली त्यालाही आता बरीच वर्षं झाली.

"तूच सांग सुषमा," सर म्हणाले, "आता मले कशाचा उशीर?"