रासबेरीच्या जिनचं झाकण

"बरणीचं झाकण उघडत नाहीये," धाकटी स्वयंपाकघरातून ओरडली, तेव्हा तिच्या नवऱ्याने वर्तमानपत्रातून डोकंही वर काढलं नाही. झाकण म्हणजे काय, फिरवलं की उघडतं, अशी त्याची आजवरची समजूत होती.

धाकटी खरं तर चाळिशी ओलांडलेली, स्वतःचं चष्म्यांचं दुकान चालवणारी बाई. पण ताईची बहीण म्हणून सगळ्या घराण्यात ती धाकटीच राहिली. ताईच्या लग्नाचा पंचविसावा वाढदिवस आज संध्याकाळी होता आणि पाहुण्यांना रासबेरीची जिन आपण घरी करून पाजणार, असं धाकटीने महिन्यापूर्वीच जाहीर करून टाकलं होतं. त्यावर ताईचे यजमान, म्हणजे भाऊजी, चारचौघांत म्हणाले होते, "कर, कर! आम्ही आपली दुकानातली बाटली आणून ठेवतो. तुझ्या शिवणकामाचं काय झालं आणि सतारीचं काय झालं, ते पाहिलंय आम्ही."

तेव्हापासून धाकटी इरेला पेटली होती. ताज्या रासबेरी, त्यावर साखर, त्यावर जिन. बरणी अंधाऱ्या कपाटात ठेवायची आणि रोज हलवायची. तिने ती इतक्या निष्ठेने हलवली, की साखरेचा पाक झाकणाच्या आट्यांत शिरला आणि वाळून दगड झाला. आता आत माणकासारखी लाल जिन होती आणि बाहेर धाकटी.

"आण इकडे," शेवटी नवरा उठला. त्याने बरणी पोटाशी धरून जोर लावला. कपाळाची शीर तट्ट फुगली. झाकण तसंच.

"उलटं फिरवतोयस का?"

"मला कळतं कुठल्या बाजूला फिरवायचं ते!"

"मग फिरव ना."

गरम पाणी ओतून झालं. रबरी हातमोजे घालून झाले. झाकण दाराच्या फटीत पकडून बरणी फिरवली, तेव्हा कर्र असा आवाज आला आणि दोघांचे चेहरे उजळले. पण निघाली होती ती दाराची बिजागरी.

"तळ फोडूया," नवरा दार सावरत म्हणाला.

"आणि काचा कोण पिणार? भाऊजी?" असं म्हणून धाकटी क्षणभर थांबली. विचार वाईट नव्हता. "नको. ताई रागावेल."

"मग राहू दे. दुकानातली बाटली आणतायतच ते."

हे वाक्य त्याने बोलायला नको होतं. धाकटीने बरणी टॉवेलात गुंडाळली, पायात चपला सरकवल्या आणि ती तडक बाहेर पडली. तिच्या दुकानाशेजारी दातांचे डॉक्टर होते. घट्ट बसलेली वस्तू उपटून काढणं हाच ज्याचा धंदा, अशा माणसाकडे आपण आधीच का गेलो नाही, याचं तिला नवल वाटलं.

डॉक्टर नुकतेच मोकळे झाले होते. तिने टॉवेल सोडताच त्यांचे डोळे चमकले.

"आजवर एकही दाढ मला पुरून उरलेली नाही," ते म्हणाले. "ठेवा खुर्चीवर." त्यांनी दार लोटलं, दिवा खाली ओढला आणि सवयीने बरणीला म्हणाले, "अजिबात दुखणार नाही हं."

एव्हाना बाहेरच्या बाकावर तीन पेशंट येऊन बसले होते. त्यांतले कोपऱ्यातले, गालाला रुमाल दाबून बसलेले गृहस्थ म्हणजे खुद्द भाऊजी. दातांच्या डॉक्टरांची आपल्याला कधी गरजच पडली नाही, अशी बढाई ते जन्मभर मारत आले होते. पण सकाळपासून गाल फुगत चालला होता आणि संध्याकाळी पाहुणे येणार होते. म्हणून घरी न सांगता ते गुपचूप आले होते. आतून आवाज येऊ लागले.

"हललं का?"

"हललं, पण सुटत नाहीये! तुम्ही मान घट्ट आवळा, मी पिळतो."

"मान निसटतेय हो, डॉक्टर!"

बाहेरच्या एका बाईंनी पर्स छातीशी धरली.

"पातळ हत्यार घालून कड उचकटू. फुटलं तर फुटलं."

"फुटू देऊ नका! सगळं लाल सांडलं तर संध्याकाळी पाहुणे काय पितील?"

त्या बाई उठल्या. तेवढ्यात आत 'टक्' असा आवाज झाला, पाठोपाठ डॉक्टरांची विजयी आरोळी आली आणि दार उघडलं. हातात पक्कड, पांढऱ्या कोटावर छातीपासून खाली लाल ओघळ, चेहऱ्यावर निर्मळ आनंद, अशा थाटात डॉक्टर म्हणाले, "या! पुढचं कोण?"

बाक रिकामा झाला. बरणी कवटाळून बाहेर आलेल्या धाकटीला जिन्यावरून धावत उतरणारी एक ओळखीची पाठ दिसली. पण झाकण उघडल्याच्या आनंदात तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने डॉक्टरांना संध्याकाळचं आमंत्रण दिलं आणि ती जिन गाळायला घरी पळाली.

संध्याकाळी ताईच्या दिवाणखान्यात ग्लास मांडले गेले. बर्फ, रासबेरीची जिन, वर सोडा, कडेला लिंबाची चकती. रंग असा आला होता, की पाहुणे ग्लास दिव्यासमोर धरून पाहत होते. भाऊजी मात्र गालाला हात लावून, कुणाशी न बोलता, ग्लासाला जेमतेम ओठ टेकवत उभे होते.

"अहो, दोन शब्द बोला ना," ताई म्हणाली.

"मंदळी," भाऊजींनी सुरुवात केली. फुगलेल्या गालातून जीभ वळेना. "पंतवीत वल्तं... माज्या बायकोनं..."

ताईने त्यांच्या ग्लासात डोकावून पाहिलं. तो जवळजवळ भरलेलाच होता.

"एका घोटात?" कुणीतरी हळूच म्हणालं.

"ही जिनची भानगड नाही," मागून धाकटीचे पाहुणे पुढे आले. ते दातांचे डॉक्टर होते. कोट बदललेला होता, पण भाऊजींना तो लालच दिसला. "मला वाटतं, ही दाढ आहे. जरा तोंड उघडा बघू."

भाऊजी दोन पावलं मागे सरकले. भिंत लागली. एकीकडे डॉक्टर, दुसरीकडे सगळं सासर.

"दाद नाही!" ते जिवाच्या आकांताने ओरडले. "मला तदलीय! धाकतीची दिन लई तदलीय!"

ताईने त्यांचा ग्लास काढून घेतला आणि त्यांना हाताला धरून झोपायला नेलं. धाकटी बरणीशी उभी राहिली. तिच्यासमोर एकाच वेळी नऊ-दहा ग्लास पुढे आले होते आणि त्यांतला पहिला डॉक्टरांचा होता.