कुंडीतला चाकू

दवाखान्याच्या फाटकावर वॉचमनने धाकट्याचा खिसा चाचपला आणि विचारलं, "हे काय?"

"चाकू," धाकटा म्हणाला. दुसऱ्या कुणी 'किल्ल्या' म्हणून वेळ मारून नेली असती. पण धाकट्याला तेवढं सुचत नसे.

"आत न्यायचा नाही. इथं टाका." वॉचमनने पत्र्याचा डबा पुढे सरकवला. डब्यात कात्र्या, लायटर, पेचकस, आणि कुणाकुणाचे चाकू एकमेकांच्या उरावर पडले होते.

"परत मिळेल ना?"

"मिळतो की. म्हणजे, आधी दुसऱ्या कुणी उचलला नाही तर."

धाकट्याने खिसा घट्ट धरला. तो ताडपत्र्या शिवायचा. दोर कापणं, जाड कापडाला भोकं पाडणं, ओल्या गाठी सोडवणं, सगळं त्याच दुमडत्या चाकूने. सुट्टीच्या दिवशी तळ्यावर गळ टाकून बसला की मासा साफ करायलाही तोच. "एक वेळ मला विसराल, पण त्याला नाही," असं बायको म्हणे, तेव्हा धाकटा गप्प बसे. ते गप्प बसणं तिला जास्त लागे.

थोरल्या भावाशी बोलणं तुटलं होतं तेही या चाकूपायीच. दादाने न विचारता तो रंगाचा डबा उघडायला घेतला आणि पात्याचं टोक मोडलं. "तुला दुसऱ्याच्या वस्तूची किंमत नाही," धाकटा म्हणाला. "आणि तुला माणसाची," दादा म्हणाला. शब्दाने शब्द वाढत गेला आणि शेवटी दोघांकडे एकही शब्द उरला नाही. त्याला वर्ष होत आलं. आता उद्या सकाळी दादाच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. डॉक्टरांनी फारशी आशा दाखवली नव्हती आणि वहिनीने निरोप धाडला होता, "भाऊजी, आज येऊन जा. उद्याचं काही सांगता येत नाही."

त्यामुळे धाकट्याला आज वर जाणं भाग होतं. काय बोलायचं ते त्याने ठरवलं नव्हतं. निदान 'दादा' अशी हाक तरी मारावी, एवढंच मनात होतं.

"मी हा ठेवून येतो," असं सांगून तो मागे फिरला. फाटकाबाहेर भिंतीलगत कुंड्यांची रांग होती. तळ्यात पोहायला उतरताना तो चाकू काठच्या मातीत पुरून वर खुणेची काडी खोचून ठेवत असे. आजवर एकदाही चोरी झाली नव्हती. इथेही त्याने इकडेतिकडे पाहिलं, एका कुंडीत चाकू पुरला, वर काडी खोचली आणि हात झटकत फाटकातून आत गेला. या खेपेला खिसा रिकामा होता. वॉचमनने त्याला सोडलं.

वरच्या मजल्यावर दादा खिडकीशेजारच्या खाटेवर पडला होता. एवढा दांडगा माणूस, पण चादरीखाली जेमतेम असल्यासारखा दिसत होता. वहिनीने स्टूल पुढे केलं, पण बसायचं सोडून धाकटा खिडकीपाशी उभा राहिला, कारण दादाच्या तोंडाकडे बघवेना.

"आलास," दादा म्हणाला.

"आलो."

मग दादाने घसा साफ केला. "तुझ्याशी बोलायचं होतं. त्या दिवशी तुझा तो चाकू..."

नेमक्या त्याच वेळी धाकट्याला खाली माळी दिसला. फाटकाबाहेरच्या कुंड्या ढकलगाडीवर लादून तो आत आणत होता आणि प्रत्येक कुंडीतल्या काड्याकुड्या उपटून फेकत होता.

"आलोच, दादा," एवढंच धाकटा म्हणाला आणि जिन्याकडे धावला.

तो खाली पोचला तेव्हा सगळ्या कुंड्या खिडक्यांखाली ओळीने मांडून झाल्या होत्या आणि सगळ्या सारख्याच दिसत होत्या. धाकटा गुडघ्यांवर बसला आणि पहिल्या कुंडीत हात घातला. मग दुसरीत. तिसरी उपडी झाली.

"अहो, या झाडांनी तुमचं काय घोडं मारलंय?" माळी म्हणाला.

"माझी वस्तू आहे यात."

"कुंडीत?"

तेवढ्यात वॉचमनही आला. "कसली वस्तू?"

चाकू म्हणावं तर हाच माणूस समोर उभा. धाकट्याने जन्मात पहिल्यांदा चाकूबद्दल खोटं सांगितलं. "अंगठी," तो म्हणाला. "पडली माझी."

आणि तिथेच घात झाला. चाकू म्हटलं असतं तर दोघे भांडले असते. अंगठी म्हटल्यावर दोघांनाही त्याची दया आली. माळ्याने बाह्या सारल्या. वॉचमनने फाटक वाऱ्यावर सोडलं. भेटायला आलेल्या एका म्हातारीनेही पिशवी खाली ठेवून माती चाळायला घेतली. "लग्नातली का हो?" तिने विचारलं. धाकट्याने मान हलवली. "अरेरे," ती म्हणाली आणि जास्तच नेटाने शोधू लागली. धाकटा घामाघूम झाला. मातीच्या हातांनीच तो तोंड पुसत होता आणि मनात म्हणत होता की ह्यांच्या आधी मला सापडू दे.

सापडला माळ्याला. "अंगठी नाही. पण हे बघा काय निघालं."

वॉचमनने चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला. सकाळपासून तो लोकांचे खिसेच चाचपत होता, त्यामुळे पाहिलेली वस्तू त्याच्या ध्यानात राहणं शक्यच नव्हतं. "दवाखान्यात चाकू पुरून ठेवलाय कुणीतरी. हे प्रकरण ऑफिसात जाणार. तुमचा नाही ना?"

हो म्हटलं तर ऑफिसात बसून राहावं लागणार आणि दादा वर वाट बघतोय. धाकट्याने एकदा त्या मोडक्या टोकाकडे पाहिलं. "माझा नाही," तो म्हणाला.

वॉचमनने चाकू खिशात घातला. धाकटा जिन्याकडे वळला, आणि भेटायची वेळ संपल्याची घंटा झाली.

"आता उद्या या," वॉचमन म्हणाला.

"उद्या सकाळी त्याचं ऑपरेशन आहे. दोनच मिनिटं सोडा."

"इथं प्रत्येकाचं काही ना काही असतं, साहेब." तो वाईट माणूस नव्हता. त्याने धाकट्याच्या पाठीवर हात ठेवला, पण सोडलं नाही.

चाकू गेला आणि भाऊही. धाकटा उपड्या कुंडीशेजारी मातीत मटकन बसला.

"भाऊजी." वरच्या खिडकीतून वहिनी वाकून बघत होती. तिचे डोळे ओले होते. "अहो, ह्यांनी उशीला टेकून खिडकीतून सगळं बघितलं. तुम्ही समोर रडायला नको म्हणून पळालात, आणि खाली येऊन मातीत तोंड लपवून रडत होतात. लोक गोळा झाले समजूत काढायला."

धाकट्याने मातीचे हात सदऱ्याला पुसले.

"ते म्हणतात, चूक त्यांचीच होती. म्हणतात, माझ्यासाठी एवढा रडणारा दुसरा कोण आहे मला." वहिनी आत वळली, काहीतरी ऐकलं आणि पुन्हा वाकली. "आणि म्हणतात, यातून उठलो की तुला नवा चाकू घेऊन देतो. तो मोडका आता टाकून दे."

धाकटा फाटकाकडे बघत राहिला. तिथे वॉचमन खुर्चीत बसून त्या चाकूने नखं साफ करत होता.

"सांगा दादाला," तो म्हणाला, "टाकला म्हणावं."

आणि मग मात्र त्याला खरंच रडू फुटलं. ते कुणासाठी, हे त्याने स्वतःलाही विचारलं नाही. वर वहिनी खाटेकडे तोंड करून सांगत होती, "बघा, अजून रडतायत."