वाडीचा नमुना

"रोगाच्या आधी संशोधन दारात पोचलं, की रोगाला उंबरठा ओलांडता येणार नाही!" पावसजवळच्या वाडीत डॉ. वेदिकाने घोषणा केली.

संशोधन दारात पोचलं तेव्हा बिल्किस चाची तांदूळ निवडत होत्या. त्यांनी ते सुपातच ठेवून घेतलं: झाकणाच्या छोट्या बाटल्या, प्रत्येक मोठ्या माणसाच्या नावाची एकेक. सकाळची पहिली लघवी भरून द्यायची, एवढंच काम.

दुसऱ्या दिवशी साऱ्या बाटल्या पुसूनबिसून हजर. असं सहकार्य वेदिकाने जन्मात पाहिलं नव्हतं. तपासणीचा निकाल मात्र तिने दोनदा ताडून पाहिला. झाडून साऱ्या वाडीला मधुमेह! तोही सारखाच. नवी सून नबीला आणि तिची आजेसासू, दोघींची साखर दशांशापर्यंत एक.

हे वर कळवावं तर हाहाकार, आणि खोटं ठरलं तर प्रकल्पाला कुलूप. वेदिका धावतच वाडीत आली.

"चाची, खरं सांगा, बाटल्या कोणी भरल्या?"

"केरूभाऊंनी."

"सगळ्या?"

"बारीक तर होत्या. एका तांब्यात वाडी भागली."

"अहो, पण का?"

"नमुना मागितलात ना? पेटीचा नमुना दाखवताना डागी आंबा कोण वर ठेवतं काय? माझे गुडघे गेलेले, सावित्रीला खोकला. केरूभाऊ ह्या वयात माडावर चढतात. वाडीची अब्रू हाय का नाय?"

तेवढ्यात केरूभाऊच छाती काढून पुढे आले. "काय बाई, कसा निघालो?"

"आजोबा, तुम्हाला साखर आहे. भरपूर."

छाती होती तिथेच बसली. त्यांची बायको सोनूबाई पायरीवरूनच ओरडली. "गो बाय! अख्ख्या वाडीत एकाला, नि तो आमचाच?"

"वरचाच नासका निघाला," सावित्री खोकत म्हणाली.

केरूभाऊंना उद्याच रत्नागिरीला रक्त तपासायला न्यायचं ठरलं. मग वेदिकाने नव्या बाटल्या वाटल्या. "आता ज्याची त्याने भरायची. कळलं?"

"कळलं," वाडी एका सुरात म्हणाली.

ती निघाली तशी चाचींनी तिला हळूच बाजूला घेतलं, नखशिखांत न्याहाळलं.

"बाई, तुम्ही तरण्याताठ्या. साखर नाय, प्रेशर नाय. आमच्यापायी एवढ्या उन्हातान्हातून चालता… ह्या खेपेला जरा तुम्हीच भरून द्याल?"