काहीच न करण्याची शेती

"शेतात काहीही न करण्याचे पैसे सरकार देत असेल, तर ते न घेणारा गाढवच म्हणायचा," एडविन प्रॉसरने न्याहारीला बायकोला ठणकावून सांगितलं.

हे सांगणारा कोण, तर नांगरणीच्या स्पर्धेत सात कप जिंकलेला माणूस. त्याच्या कुंपणाच्या झुडपांवर पाण्याचा पेला ठेवला असता तर थेंबही सांडला नसता. पण जुनं अनुदान बंद झालं होतं आणि नवं मिळायचं ते निसर्ग सांभाळण्याचं. झुडपं वाढू द्यायची, काटेरी रोपटी उभी ठेवायची, पाखरांना बी खाऊ द्यायचं. ते मिळालं तर लेक रूथ ब्रिस्टलची नोकरी सोडून शेत सांभाळायला येणार होती. नाही तर शेत विकायचं, असं ठरलं होतं.

"तुला जमेल का?" बायकोने, डोरीनने, विचारलं. "तू तर दफनभूमीत दुसऱ्यांच्या थडग्यांवरचं गवतसुद्धा उपटतोस."

"त्यात जमायचं काय? क्लेम गफला जन्मभर जमलंय."

क्लेम पलीकडचा शेजारी. त्याच्या शेतातलं रान बघून एडविनने चाळीस वर्षं नाकं मुरडली होती. आता आपणही तेच करतोय, हे सात कपांच्या मालकाने कुठल्या तोंडाने सांगावं? त्याने कुणालाच काही सांगितलं नाही.

दातओठ खात त्याने उन्हाळा काढला. रस्त्यावरून जाणारे ट्रॅक्टर त्याच्या फाटकापाशी हळू होऊ लागले.

"बरा आहेस ना, एडविन?"

"बरा आहे."

त्या भागातला माणूस शवपेटीतूनही 'बरा आहे' असंच सांगेल, त्यामुळे कुणाचा विश्वास बसला नाही. पुन्हा विचारणं तर फारच असभ्य. मग दारात निनावी केक येऊ लागले. त्यातला सफरचंदाचा, कडा उडालेल्या निळ्या थाळीतला, एडविनने एकट्याने संपवला. पाद्रीबाबा येऊन तासभर हवामानावर बोलले आणि निघताना त्याचा हात दोन्ही हातांत धरून उभे राहिले.

"सगळे एवढे प्रेमळ का झालेत?" डोरीन म्हणाली.

"उशिरा का होईना, माझी किंमत कळली त्यांना."

सप्टेंबरात गुरुवारी तीनला तपासणीच्या बाई येणार होत्या. सकाळी दोघं मेंढ्यांच्या बाजाराला गेले. दोनला परतले तर फाटकासमोरच्या रस्त्यावर पाच ट्रॅक्टर. झुडपं पट्टीने आखल्यासारखी कापलेली, काटेरी रोपटी भुईसपाट, अंगणसुद्धा झाडलेलं. फाटकावर शेजारी चहा पीत उभे होते.

"काही बोलू नकोस," म्हातारा टेड म्हणाला. "तुझं शेत असं पडलेलं बघवेना आम्हाला. आजार कोणता तेही सांगू नकोस."

एडविनचे डोळे भरून आले. कृतज्ञतेने, असं सगळ्यांना वाटलं. आणि खरं सांगायचं तर, निम्मं ते होतंच.

"आभारी आहे," तो कसाबसा म्हणाला.

तीनला बाई आल्या. "सुरेख ठेवलंय हो तुम्ही," त्या हळहळून म्हणाल्या. "पण पाखरांनी इथे खायचं काय? पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज करा." तेवढ्यात पलीकडच्या रानातून पाखरांचा थवा उडाला. बाई उभ्या राहिल्या. "ते शेत कुणाचं?"

महिन्याभरात क्लेम गफचं शेत जिल्ह्यातलं आदर्श शेत ठरलं. नव्या अर्जदारांना तोच शिकवणार होता.

"बाबा, एक वर्ष थांबते मी," रूथ फोनवर म्हणाली. "पण तुम्ही नीट शिकून घ्या."

शनिवारी एडविन क्लेमच्या मोडक्या बाकावर जाऊन बसला.

"पहिला धडा," क्लेम म्हणाला. "हात खिशात."

एडविनने हात खिशात घातले. पाच मिनिटांनी त्यातला एक बाहेर आला आणि बाकाशेजारचं काटेरी रोपटं मुळासकट उपटून बसला.

"नापास," क्लेमने शांतपणे रोपटं परत मातीत खोचलं. "पुढच्या शनिवारी ये. आणि येताना माझी ती निळी थाळी आण."