साहेबांचा पक्षी आणि समुद्राची ओटी

खोटं बोलायचंच तर माणसानं लांबच्या गावचं बोलावं. मी रत्नागिरीचं बोललो.

चौऱ्याहत्तर सालचा फेब्रुवारी. सांगलीच्या आमच्या कचेरीत बदल्यांची यादी शिजत होती. नवे साहेब विष्णुपंत पक्ष्यांचे वेडे. लांब लाल चोचीचा, कालवं फोडून खाणारा एक काळा-पांढरा पक्षी समुद्रकाठच्या खडकांत असतो म्हणे; तो आपल्याला दहा वर्षांत एकदाही दिसला नाही, असं ते हळहळले. यादीतून आपलं नाव गळावं म्हणून मी म्हणालो, "मी पाहिलाय, साहेब. दोनदा." (एकदा पुरे होतं. पण माझा हात सढळ.)

"मग रविवारी दाखवा!"

जीपमध्ये माझी बायको अंजनाही बसली. मलकापूरच्या या बाईनं कृष्णा-कोयना पाहिलेल्या, समुद्र पाहिला नव्हता.

दोन तास आम्ही ओल्या खडकावर पालथे पडून होतो. साहेबांच्या डोळ्यांना दुर्बीण, माझ्या पोटाला कालवं. पक्ष्याचा पत्ता नाही.

"नानासो, नक्की इथंच?" साहेबांचा आवाज बदलला. मला बदलीचा कागद दिसू लागला.

तेवढ्यात मागं बघतो, तर अंजना समुद्राची ओटी भरतेय! खण, तांदूळ, नारळ, सगळं.

"अगं, समुद्र पुरुष आहे!" मी कुजबुजलो.

"आसूं दे. पानी म्हंजे आईच."

तिनं नारळ सोडला. लाटेनं तो परत आणून तिच्या पायाशी ठेवला. अंजनाचा चेहरा उतरला.

"आवं, घेतली न्हाई! लय वाईट हाय हे. तुमी लांब टाका."

मी टाकला. परत आला. पुन्हा टाकला, पुन्हा आला. (कृष्णामाईनं आमचा असा अपमान कधी केला नाही.) शेवटी मी तो जीव खाऊन भिरकावला आणि शेवाळावरून घसरून खळग्यात बसलो. चष्मा पाण्यात गेला.

नारळ लांबच्या खडकामागं आदळला अन् किंचाळत काहीतरी उडालं.

"दिसला! लाल चोच! वा!" साहेब नाचू लागले. मला एक पांढुरका ठिपका दिसला. तो साहेबांचा शर्ट होता.

"पक्षी उठवायची काय युक्ती, नानासो!" साहेबांनी मला भिजलेल्या कपड्यांसकट मिठी मारली. "असा जाणकार माणूस सांगलीत कागद खरडतोय? छे! जतकडे एक तलाव आहे, हिवाळ्यात पक्ष्यांनी भरून जातो. तुमची बदली तिथंच करतो!"

मी आभार मानले. (दुसरं काय करणार?)

परतीच्या वाटेवर अंजनानं हळूच विचारलं, "त्या तळ्यात पानी आसतंय नव्हं?"

"हिवाळ्यात."

"आनि आपन जायचं कवा?"

"एप्रिलात."